मोहरीवरचा मुक्काम

भाऊ मधमाश्यांच्या पेट्यांमधून बाहेर आला तेव्हा मी बांधावर मोहरीचा कोवळा पाला खुडत होते. भाजीसाठी.

"यमे, पाणी," तो म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता. मी मान वर करून पाहिलं तर चेहराही त्याचा नव्हता. ओठ सुजून उलटलेले, डोळ्यांच्या जागी नुसत्या चिरा, मानेवर आणि छातीवर लालभडक गांध्या.

"किती चावल्या?"

"एकच," तो म्हणाला आणि खाली बसला. बसला म्हणजे पायच गेले त्याचे. मोहरी माझ्या खांद्याच्या वर आलेली होती. तो बसला तसा त्या पिवळ्यात बुडाला, दिसेनासाच झाला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत ओरडले, आणि ते गाव होतं भरतपूरच्या पलीकडचं. तरी शेताचे मालक सुमेरसिंग धावत आले. मरणाची हाक सगळ्या भाषांत कळत असावी.

याला पंचवीसेक वर्षं झाली. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, भागवत. निफाडकडचे आम्ही. त्याच्याकडे मधमाश्यांच्या शंभरावर पेट्या होत्या. आपल्याकडे थंडीत फुलोरा कमी, म्हणून तो दरवर्षी पेट्या ट्रकमध्ये भरून राजस्थानात न्यायचा, मोहरीवर. तिकडं तिला सरसों म्हणतात. मैलोन्‌मैल तेच पीक. पौष महिन्यात जमीन दिसत नाही, नुसतं पिवळं आभाळ खाली उतरल्यासारखं वाटतं. दरवर्षी त्याच्या सोबतीला एक भागीदार असायचा, त्या वर्षी त्यानं हा धंदा सोडला. शकूवहिनी पोटुशी. माझं सासर सुटून मी घरीच होते. भाऊ म्हणाला, "चल, भाकरी तरी वेळेवर मिळेल." म्हणून मी गेले. पेट्यांच्या जवळ मी जात नसे. लहानपणी एकदा पोळं उठलं होतं, तेव्हापासून माश्यांचा आवाज आला तरी मी उलट्या पावली फिरत असे.

सुमेरसिंगांच्या शेताच्या कडेला आमच्या पेट्या होत्या आणि त्यांच्या बोअरच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. त्यांनी भाऊला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सुमेरसिंगांची आई, जिला सगळं गाव अम्मा म्हणायचं, तीही चढली. रस्ताभर ती मोहरीच्या तेलानं त्याचे तळपाय चोळत होती आणि मला सांगत होती, "याच्याशी बोलत राहा जमना. झोपू देऊ नको." माझं नाव यमुना कळल्यापासून ती मला जमना म्हणायची. त्यांच्या नदीचं नाव माझ्या अंगावर आहे याचा तिला फार आनंद.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी धडाधड इंजेक्शनं दिली. तासाभरानं भाऊच्या चेहऱ्यात थोडा भाऊ दिसायला लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"हे पहिल्यांदा झालं?"

"हो. आयुष्यभर माश्यांत आहे तो. हजारदा चावल्या असतील."

"त्यांना विचारा," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यांदा एवढं होत नाही. आणि एक लक्षात ठेवा. पुढची माशी चावली आणि इथं पोचायला उशीर झाला, तर मी काही करू शकणार नाही. त्यांनी हा उद्योग सोडला पाहिजे. आजपासून."

मी आत जाऊन भाऊला विचारलं. तो छताकडे बघत होता.

"घरी दोनदा झालं होतं," तो म्हणाला. "इतकं नव्हतं झालं."

"वहिनीला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

ट्रॉलीतून परत निघालो. शेत जवळ आलं तसा पिवळा वास यायला लागला. फुललेल्या मोहरीचा वास गोड असतो, पण त्याच्या तळाशी काहीतरी कडवट असतं. माश्यांची गुणगुण ऐकू आली आणि भाऊनं उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. भीतीनं की कशानं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. तिथून पेट्यांची पहिली ओळ दिसायची.

"आतल्या काही पेट्या भरत आल्यात," तो म्हणाला. "जागा दिली नाही तर उठून जातील."

"घरी नेऊया का सगळ्या?"

"घरी काय फुललंय आता? उपाशी मरतील."

"मग कुणाला तरी बोलावून घे."

"कुणाला?"

अम्मा गोवऱ्या घेऊन चालली होती, तिनं त्याला तिथं उभं पाहिलं आणि पाटी खाली ठेवली. "तू इथं कशाला मरायला उभा आहेस? वर जा. छतावर जा. तिथून सगळं दिसतं."

खरंच, त्यांच्या घराचं गच्चीसारखं सपाट छत होतं, शेताला लागूनच. भाऊ जिना चढून वर गेला. थोड्या वेळानं वरून त्याची हाक आली.

"यमे, ट्रंकेत माझी जाळीची टोपी आहे."

मी खालूनच ओरडले. "मला नाही जमणार."

"घालून तर बघ."

टोपी घातली. त्याचा पांढरा सदरा घातला. माश्यांना शांत करायच्या धुराड्यात गोवरी पेटवली. पहिल्या पेटीजवळ उभी राहिले आणि छतावरून भाऊची शिकवणी सुरू झाली.

"पुढून नाही, मागून जा! दारात उभी राहू नको, त्यांचा रस्ता आहे तो. धूर दे. थोडाच! चूल पेटवायची नाही तुला. आता झाकण उचल. हळू! हळू गं! परात आदळतेस का?"

झाकण उघडलं आणि तो आवाज अंगावर आला. आत हजारो माश्या पोळ्याच्या लाकडी चौकटींवर दाटून बसलेल्या. मी घाईनं एक चौकट बाहेर काढली आणि ती शेजारच्या चौकटीला घासली. एक माशी मनगटावर बसली आणि चावली.

मी चौकट परत आत ठेवली आणि तशीच उभी राहिले.

भाऊ आणि मी एका आईच्या पोटचे. त्याच्या रक्तात जे होतं ते माझ्याही रक्तात असू शकत होतं. माझ्या मनात ते आलं, आणि छताकडे पाहिलं तर त्याच्याही मनात तेच आलेलं दिसलं. तो कठड्याला धरून वाकून बघत होता. अम्मा खाली अंगणात दळण निवडत होती, तिचाही हात थांबला. मी श्वास मोजत उभी होते. आता ओठ सुजतील, आता पाय जातील.

काही झालं नाही. मनगटाला खाज सुटली. हात पुरीसारखा फुगला, एवढंच.

"काय होतंय?" भाऊनं विचारलं.

"आग होतीये."

"ती होणारच," तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला. मग लगेच, "ती चौकट वाकडी ठेवलीस, सरळ कर."

त्यानंतर रोज तेच. ऊन वर आलं की मी खाली आणि तो वर. आसपासच्या छतांवर बायका गोवऱ्या थापायच्या, धान्य वाळवायच्या, त्यांना आमची करमणूक झाली. भाऊ रागीट शिकवणारा होता. "डोळे घरी ठेवून आलीस काय? राणी तुझ्या नाकासमोर आहे!" असं तो ओरडायचा आणि मला राणी दिसायची नाही. मग एक दिवस दिसली. लांबट, सोनेरी, बाकीच्यांच्या गर्दीत बाजार करायला निघालेल्या पाटलीणबाईसारखी. त्या दिवशी मीच ओरडले, "दिसली! भाऊ, दिसली!" आणि छताच्या पलीकडच्या टोकाला बसलेली सुमेरसिंगांची बायको काही न कळताही टाळ्या पिटायला लागली.

संध्याकाळी अम्माच्या चुलीपाशी आम्ही बसायचो. मोहरीचा पाला शिजवून, घोटून केलेली भाजी, वर लोण्याचा गोळा, बाजरीची भाकरी. मी आमच्या पद्धतीनं फोडणी घातली तर अम्मा हसायची. "तुमच्याकडे सरसों चिमटीत धरून तेलात उडवतात म्हणे. आम्ही तिच्यावरच जगतो. पाला खातो, तेल खातो, पेंड म्हशीला घालतो, काड्या चुलीत घालतो. पोर जन्मलं की तेलानं चोळतो, माणूस गेला की त्याच्या उशाला तिचाच दिवा." भाऊ मात्र जेवताना एकेका पेटीची चौकशी करायचा. कडूनिंबाखालची कशी आहे? ती रागीट वसाहत, तिनं काही केलं का? सांगताना मी चुकले तर त्याला कळायचं. ऐकताना त्याचे हात मांडीवर हलत असत, चौकट धरल्यासारखे. हे माझ्या लक्षात आलं तसं मी त्याच्या हातांकडे बघणं सोडलं.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसते ढग आणि ओलसर गारठा. दोनतीन दिवसांत मोहरीच्या शेंड्यांवर मावा पडला, तिकडं त्याला चेंपा म्हणतात. बोट लावलं तर चिकट, करड्या-हिरव्या किड्यांचे थर. कोवळ्या शेंगा आखडायला लागल्या.

शेजारचं शेत हरबीरचं. उंच, आडदांड माणूस, तोडून बोलणारा. तो सकाळीच सुमेरसिंगांच्या अंगणात आला.

"उद्या मी औषध फवारणार," तो म्हणाला. "सगळ्यांनीच फवारायला पाहिजे. आणि हा चेंपा या लोकांच्या माश्यांनी आणला. दरवर्षी फुलातला रस पितात, झाड अशक्त करतात."

भाऊ जिन्यावरून तरातरा खाली आला. "मावा ढगानं येतो, माशीनं नाही! माशी बसते म्हणून तुमच्या शेंगा भरतात!"

"तू मला सरसों शिकवणार? माझ्या आजाच्या आजानं इथं ती पेरली आहे."

"पेरली असेल, पण—"

"भाऊ, तू थांब," मी म्हणाले. तो थांबला, पण चेहरा तांबडा झाला होता. मला हिंदी धड येत नव्हती. जी येत होती तीत मी बोलले.

"हरबीरभाई, फवारायचं तर फवारा. पीक तुमचं आहे. फक्त सकाळी फवारू नका. दिवसा त्या फुलांवर असतात, सगळ्या मरतील."

"मरतील तर दुसऱ्या आणा. माझी सरसों गेली तर वर्षभर माझ्या घरची कढई कोरडी राहील, ती कोण भरणार?"

हे बोलणं खोटं नव्हतं. त्याच्या मागं रस्त्यावर त्याचीच म्हैस उभी होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं.

"तुमची म्हैस चरायला गेली असेल तर तुम्ही त्या चाऱ्यावर औषध माराल?"

"म्हैस मी आधी बांधून ठेवीन."

"मग मीही बांधते. पण माझ्या म्हशी उन्हं उतरल्याशिवाय घरी येत नाहीत. तेवढं थांबा."

हरबीरला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. "आणि मी अंधारात फवारू?"

"मी ट्रॅक्टरचा दिवा लावून उभा राहतो," सुमेरसिंग म्हणाले. "मलाही फवारायचंच आहे. बरोबरच करू."

हरबीर तरी तयार होईना. तेव्हा अम्मा उठली. "जेवत्या पाहुण्याला पानावरून उठवत नाहीत आपल्यात," ती म्हणाली. "तुझ्या बापानं कधी उठवला नव्हता."

हरबीर जायला वळला. "दिवस बुडेपर्यंत," तो म्हणाला. "त्यानंतर मी कुणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी कामाला लागले. पेट्यांवर टाकायला ओली पोती हवी होती, बंद पेटीत माश्या गुदमरू नयेत म्हणून. अम्मा आणि तिची सून पोती भिजवून बांधापर्यंत आणून टाकत होत्या. दारांना लावायला जाळीच्या पट्ट्या होत्या. पण दार लवकर बंद केलं तर बाहेर गेलेल्या बाहेरच राहतात, आणि उशिरा केलं तर औषध येतं. त्या दिवशी नेमकं ढग फाटून ऊन पडलं होतं. इतके दिवस अडकलेल्या माश्या अधाशासारख्या बाहेर पडल्या होत्या. दिवस कलला तरी येतच होत्या. पायांना पिवळे परागाचे गोळे, थकून दारात आदळत होत्या.

मी पहिली ओळ लावली. दुसरी लावली. ऊन मोहरीच्या नुसत्या शेंड्यांवर उरलं. हरबीर आणि त्याची माणसं पाठीवर पंप घेऊन बांधावर येऊन उभी राहिली. माझ्या अजून निम्म्या ओळी बाकी होत्या. हात चालत होते, पण पट्ट्या अडकत होत्या, खिळे हातातून पडत होते, आणि चिडलेल्या माश्या जाळीवर आपटत होत्या.

तेवढ्यात शेवटच्या ओळीत कुणीतरी वाकलेलं दिसलं.

भाऊ. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, हात उघडे. टोपी नाही, कारण टोपी माझ्या डोक्यावर. तो पट्टी ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा, पुढच्या पेटीवर. माझी एक होईपर्यंत त्याच्या तीन. माश्या त्याच्या हातांवर बसत होत्या, चालत होत्या आणि उडून जात होत्या. त्याचं सगळं अंग सैल झालं होतं. इतक्या दिवसांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. आणि हेही दिसत होतं की तो असला तर काम वेळेत होईल, नसला तर होणार नाही.

मी त्याच्याकडे धावले.

"भाऊ, बाहेर हो."

"झालं, झालं. तू ती ओळ घे."

"बाहेर हो म्हणते ना!"

"यमे, वेळ नाही. मला त्या ओळखतात. नाही चावणार."

"त्या दिवशी चावली ती ओळखत नव्हती?"

तो पुढच्या पेटीकडे वळला. मी त्याचा दंड धरला आणि ओढला. मी त्याला कधी हात लावून ओढलं नव्हतं. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं.

"सोड," तो म्हणाला. "माझ्या पेट्या आहेत या."

"आता नाहीत," मी म्हणाले. "आता माझ्या आहेत. चालता हो इथून."

तो सरळ उभा राहिला. उपरण्याच्या वर फक्त डोळे दिसत होते. मला वाटलं हा मला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हातातल्या पट्ट्या माझ्या हातात दिल्या, एकेक करून, नीट मोजून द्याव्यात तशा, आणि पेट्यांमधून चालत निघून गेला. सावकाश, हात अंगाशी धरून, मला शिकवायचा तसा. मागं वळला नाही.

मी परत वाकले. डोळ्यांपुढं जाळी ओली झाली होती, पुसायला टोपी काढता येईना. ऊन गेलं. तरी दारं उरलीच होती.

"बसा रे," बांधावरून हरबीरचा आवाज आला. "बिड्या ओढा."

त्याला मराठी कळत नव्हती. काय झालं ते त्याला कुणी सांगितलंही नाही. शेवटची पट्टी ठोकून मी हात वर करेपर्यंत त्याची माणसं पंप उतरवून बसून होती. मग ट्रॅक्टरचा दिवा लागला आणि त्या उजेडात औषधाचा फवारा मोहरीवर उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी औषध सुकल्यावर मी दारं उघडली. काही पेट्यांच्या बाहेर मेलेल्या माश्यांचा सडा होता, उशिरा आलेल्या, दार बंद सापडलेल्या. ओंजळी भरल्या. पण आत सगळ्या जिवंत होत्या. दार उघडलं की भसकन बाहेर पडायच्या, एक गिरकी घ्यायच्या आणि मोहरीकडे निघायच्या. सांगायला मी छताकडे वळले. छत रिकामं होतं.

भाऊ खोलीत पिशवी भरत होता.

"घरी निघतो," तो म्हणाला. "शकूचे दिवस भरत आलेत."

दिवस भरायला अजून वेळ होता, ते दोघांनाही माहीत होतं. मी त्याला स्टेशनवर सोडायला गेले. गाडी यायला वेळ होता. बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो.

"भाऊ, एक विचारू? तू मला भाकरीसाठी आणलंस की पेट्यांसाठी?"

त्यानं पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"काल मी बोलले ते—"

"पुढच्या महिन्यात मोहरी शेंगेवर जाईल," तो म्हणाला. "फूल कमी झालं की माश्या एकमेकींचा मध लुटायला लागतात. दारं बारीक कर."

"आणि?"

"आणि काय? बाकी तुला दिसेलच."

गाडी आली. तो चढला आणि खिडकीच्या पलीकडल्या बाजूला जाऊन बसला.

मी महिनाभर एकटी राहिले. म्हणजे एकटी कुठली, अम्मा होती. पिवळं हळूहळू विरळ होत गेलं, खालून हिरव्या शेंगा वर आल्या, शेतं आकाशाच्या रंगातून मातीच्या रंगात उतरली. मोहरीचा मध काढला. तो लवकर थिजतो. आठवड्याभरात डब्यात तुपासारखा पांढरा, रवाळ झाला. हरबीर एकदा घरी मध मागायला आला, नातवाला खोकला झाला होता. मी दिला. "म्हशी बऱ्या आहेत का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "दूध देतायत." त्याच्या शेंगा भरल्या होत्या. माव्यातून वाचलेल्या सगळ्यांच्याच भरल्या होत्या. कशानं, यावर आम्ही परत बोललो नाही.

आज माझ्याकडे त्याच्या चौपट पेट्या आहेत. दरवर्षी मोहरीवर जाते. भाऊ गावात सुतारकी करतो, आमच्याच नव्हे, तीन जिल्ह्यांच्या मधपाळांच्या पेट्या बनवतो. कोरं लाकूड, त्यात मेण नाही, मध नाही, काही नाही, म्हणून तिथं माशी फिरकत नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. बोलायचं राहून गेलं असं मात्र मला वाटत नाही, ते त्या पहिल्या परतीच्या वेळेमुळं.

माघ संपत आला होता. निफाडला कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाचे गोंडे, फुलायला लागले होते, बियाण्याचे प्लॉट होते, तिथं पेट्या उतरवायच्या होत्या. मी घरी निरोप धाडला होता, ट्रक अमुक दिवशी पोचेल. उत्तर आलं नव्हतं. दोन दिवसांचा प्रवास करून पहाटे आम्ही गावाच्या शिवेवर पोचलो. मी ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मनात हिशेब करत होते, आता गवत काढायचं, जागा साफ करायची, विटा कुठून आणायच्या, ऊन चढलं की बंद पेट्यांत माश्या मरायला लागतील.

ट्रक प्लॉटपाशी वळला.

गवत काढून जमीन झाडलेली होती. विटांचे छोटे चौथरे मांडलेले होते, ओळीनं, शंभराच्या वर, दोन ओळींत माणूस वाकून फिरेल एवढी जागा सोडून. सगळे पूर्वेला तोंड करून. मी उतरून एकावर तळहात ठेवला. पुढच्या बाजूला बोटभर उतार होता, पाणी आत जाऊ नये म्हणून. दुसऱ्यालाही होता. सगळ्यांना होता. कडेला पाण्याच्या पराती भरून ठेवलेल्या, आत खडे टाकलेले, माश्या बुडू नयेत म्हणून. पाणी ताजं होतं. पालापाचोळासुद्धा पडलेला नव्हता त्यात.

आसपास कुणी नव्हतं. गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर सायकलच्या चाकाची ओली रेघ तेवढी होती.

"मालक कुठायत?" ड्रायव्हरनं खाली उतरत विचारलं. "कुठून सुरुवात करायची, कोण सांगणार?"

"त्या टोकापासून घ्या," मी म्हणाले आणि पदर खोचला. "ऊन वर यायच्या आत सगळी दारं उघडायचीत."